‘चेकिंगची सीडी’ : स्वस्त डिस्क प्लेअर चांगला की वाईट, हे ठरवायचं कुणी?

लक्ष्मीपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात काउंटरखालच्या खणात एक व्हीसीडी आहे. तिला कव्हर नाही, वरचं सिनेमाचं नावही कधीच पुसलं गेलंय. मार्करनं फक्त ‘चेकिंग’ असं लिहिलंय. मागची बाजू उजेडात धरली तर फरशीवर घासून आणल्यासारखी दिसते. मी विचारलं, “मामा, ही अजून चालते?”

“सीडी चालतीय का बघायला न्हाई ओ ताई. मशीन चालतंय का बघायला हाय ही. ही वाचली की कुठलीबी वाचतंय.”

गिऱ्हाईक नवा प्लेअर घ्यायला आलं की हीच सीडी आत सरकवायची, दोन मिनिटं बघायचं, मग सौदा. दुरुस्त केलेलं मशीन परत देतानाही तेच. माझ्या वहीत त्या दिवशी पाच-सहा पानं भरली, पण प्रबंधातलं अख्खं प्रकरण फिरलं ते या एका वाक्यामुळं.

माझा विषय कोल्हापुरातल्या घरगुती सिनेमाचा, साधारण २००० ते २०१२ या काळातला. कोल्हापूर आणि सिनेमा म्हटलं की आपण लगेच बाबूराव पेंटर, ‘सैरंध्री’ (१९२०), १ जून १९२९ ला सुरू झालेली प्रभात, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मग भालजी आणि जयप्रभा अशी माळ ओढतो. ती ओढलीच पाहिजे. पण हा सगळा सिनेमा बनवण्याचा इतिहास झाला. बघण्याचा इतिहास फार तर टॉकीजपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. घरात टीव्हीच्या खाली, भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेल्या त्या चपट्या डब्याबद्दल कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर ‘स्वस्तातला चायना माल आला आणि थिएटरं ओस पडली’ असं एका वाक्यात.

मीही तशीच सुरुवात केली होती. माझ्या पहिल्या आराखड्यात असं वाक्य होतं की लोकांनी परवडत नव्हतं म्हणून बिननावाचे प्लेअर घेतले. आता ते वाक्य मला अर्धं चुकीचं वाटतं. परवडण्याचा प्रश्न होताच. पण लोक मशीन पारखून घेत होते, आणि त्यांची पारख मासिकांतल्या पारखीपेक्षा वेगळी होती. वेगळी म्हणजे अडाणी नव्हे.

त्या काळातली इंग्रजी ऑडिओ-व्हिडिओ मासिकं एखादा सुरुवातीच्या किमतीचा डीव्हीडी प्लेअर कसा तपासायची ते बघा. चित्र किती धारदार, प्रोग्रेसिव्ह स्कॅन आहे का, रंग किती नेमके, आवाजाचा डॅक किती बिटचा, रिमोट हातात कसा बसतो. सगळे मुद्दे बरोबर. फक्त ते मोठा पडदा, चांगली वायर आणि नवीकोरी डिस्क धरून चाललेले. आता हाच प्लेअर राजारामपुरीतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या घरात आणा. टीव्ही २१ इंची, काचेच्या नळीचा. त्याला मागं एक पिवळी पिन, म्हणजे कंपोझिट. सगळं चित्र त्या एका तारेतून जाणार. प्रोग्रेसिव्ह स्कॅन त्या पिवळ्या पिनेतून येतच नाही, त्याला वेगळी जोडणी लागते. म्हणजे महागड्या प्लेअरचे जादा पैसे ज्या गुणाचे, तो गुण या घरात शिरायलाच वाट नव्हती. स्वस्त आणि महाग प्लेअर शेजारी शेजारी ठेवले तरी त्या टीव्हीवर फरक सांगता येणं अवघड होतं.

मग फरक कुठं पडायचा? डिस्क वाचण्यात.

इथं थोडं मागं जावं लागतं. व्हिडिओ सीडीचं मानक १९९३ चं. त्याच वर्षी चीनमधल्या हफेई शहरातल्या वानयेन कंपनीनं व्हीसीडी प्लेअर बाजारात आणला, आत अमेरिकेतल्या सी-क्यूब कंपनीची चिप. युरोप-अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही; तिकडं घराघरात व्हीसीआर होता आणि मग थेट डीव्हीडी आली. डीव्हीडी जपानात निघाली नोव्हेंबर १९९६ मध्ये. आशियात मात्र मधली काही वर्षं व्हीसीडीची होती. तांत्रिकदृष्ट्या ती गरीबच. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ च्या पाव भागाएवढं. एका डिस्कवर ७४ मिनिटं. म्हणून आपले हिंदी सिनेमे दोन, कधी तीन सीड्यांत यायचे आणि ऐन मारामारीत कुणीतरी उठून सीडी बदलायचं. हे काम घरातल्या शेंडेफळाचं.

भारतात १ एप्रिल २००१ ला आयातीवरची संख्येची बंधनं उरलेल्या ७१५ वस्तूंवरूनही उठली आणि परदेशी तयार माल येण्याची वाट मोकळी झाली. तयार मशीन आली, नुसते सुटे भाग आले, आणि ते इथं जोडून त्यावर हवं ते नाव छापायची सोयही आली. माझ्याकडं गोळा झालेल्या जुन्या बिलांत नावांची गंमत आहे. मोठ्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं केलेली नावं, किंवा बिलावर नुसतंच ‘डीव्हीडी प्लेअर यूएसबी, १ नग’. आमच्या घरचं २००८ चं बिल १,८५० रुपयांचं आहे. वॉरंटीच्या रकान्यात हातानं ‘६ म. (लेन्स सोडून)’ असं लिहिलंय. या कंसावर वेगळा लेख लिहिता येईल, कारण खराब व्हायची ती नेमकी लेन्सच.

तर वाचण्याचा प्रश्न. व्हीसीडी भाड्यानं मिळायची. एक सीडी महिनाभरात कितीतरी घरं फिरायची, प्रत्येक घरात कुणीतरी ती शर्टाला गोल गोल पुसायचं. गोल पुसणं सगळ्यात वाईट. सीडीवरची माहिती वर्तुळाकार वाटेनं लिहिलेली असते; वाटेला आडवा गेलेला ओरखडा थोडीशीच माहिती खातो, वाटेच्या दिशेनं गेलेला लांबलचक पट्टा खाऊन टाकतो. म्हणून मधून बाहेर असं पुसायचं असतं. हे मला दुकानातच शिकवलं गेलं, हातावर चापट मारून.

ओरखड्यावर उपाय सीडीच्या रचनेतच केलेला आहे. माहिती सलग न लिहिता विस्कटून, सोबत तपासणीचे जादा आकडे घालून लिहितात, त्यामुळं सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग भाग गेला तरी मूळ माहिती गणितानं परत उभी करता येते. कॉम्प्युटरच्या सीडीवर याच्यावर आणखी एक संरक्षणाचा थर असतो. व्हीसीडी बनवताना तो थर काढून टाकला. एका सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट बसवता आले, ७४ मिनिटांचा सिनेमा मावला, पण कवच पातळ झालं. हिशेब असा होता की चित्रात एखादा चौकोन क्षणभर फुटला तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडायचं ते प्लेअरच्या स्वभावावर अवलंबून असायचं. न वाचता येणारा भाग आला की मशीननं काय करायचं? थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, पडद्यावर डिस्क खराब असल्याची पाटी दाखवायची, की दोन चौकोन फोडून पुढं सरकायचं? हे ठरतं लेन्सची पकड सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये आणि चिपमधल्या प्रोग्राममध्ये. भाड्याच्या सीड्यांच्या जगात पुढं सरकणारं मशीन चांगलं. नव्या डिस्कच्या जगात हा गुण तपासायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

हा निकष कोल्हापूरचा एकट्याचा नाही, हे मला नंतर कळलं. चीनमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हीसीडी प्लेअरच्या जाहिरातींत ‘जबरदस्त चूक-दुरुस्ती’ अशा अर्थाची घोषणा सर्रास असायची. तिकडं या धंद्याचा पसारा एवढा की आयदुओ नावाच्या व्हीसीडी कंपनीनं १९९७ साली सरकारी टीव्हीवरच्या जाहिरातींच्या लिलावात २१ कोटी युआनची सर्वोच्च बोली लावली. तिच्या जाहिरातीत जॅकी चॅन होता. दोनेक वर्षांत कंपनी बुडाली. सांगायचा मुद्दा हा की, तिथल्या बाजारातही घासलेल्या आणि नकली डिस्काच जास्त होत्या, म्हणून तिथल्या कारखान्यांनी मशीनच तसं घडवलं. लक्ष्मीपुरीतली चेकिंगची सीडी आणि ती घोषणा एकाच गरजेतून आलेल्या. ज्या मशीनला आपण ‘हलका माल’ म्हणालो, ते आपल्यासारख्याच बाजारासाठी मुद्दाम बनवलेलं होतं.

अमेरिकेतही थोडं असंच झालं. २००० साली तिथं अपेक्स कंपनीचा एडी-६००ए हा स्वस्त डीव्हीडी प्लेअर गाजला. एमपीथ्री वाचायचा, व्हीसीडी वाचायचा, आणि त्यात एक लपवलेला मेनू होता, ज्यातून प्रदेशाचं कुलूप काढता यायचं. डीव्हीडीसाठी जगाचे प्रदेश पाडले होते. भारत ५ व्या प्रदेशात, रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागाबरोबर. दुबईहून कुणी डिस्क आणली तर नियम पाळणारा प्लेअर ती नाकारणार, कारण दुबई २ ऱ्या प्रदेशात. बिननावाचा प्लेअर विचारतच नव्हता.

‘काय वाचत नाही?’ हा प्रश्न आणखी एका ठिकाणी फार महत्त्वाचा होता. लग्नाची सीडी. २००० नंतर लग्नाच्या कॅसेटची सीडी झाली, आणि ती सीडी कारखान्यात छापलेली नव्हे, तर फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर लिहिलेली असायची. लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर ७८० नॅनोमीटरच्या लेझरसाठी बनवलेला. डीव्हीडीचा लेझर ६५० चा. त्या लाल लेझरला असली सीडी जवळपास दिसतच नाही. त्यामुळं डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन्ही लेझर लागतात, आणि सुरुवातीच्या काही प्लेअरमध्ये ते नव्हते. महागाचा प्लेअर आणला आणि त्यात पोरीच्या लग्नाची सीडीच लागली नाही, असं ऐकायला मिळतं ते यामुळं. अशा घरासाठी ते मशीन नापास. मासिकानं पाच तारे दिले असले तरी.

(मुलाखतींत एक गोष्ट वारंवार येते. प्लेअर घ्यायचा निर्णय पुरुषांनी सिनेमासाठी घेतला असं पुरुष सांगतात. बायका सांगतात की लग्नाची सीडी बघायला, माहेरच्यांना दाखवायला घेतला. दोन्ही खरं असणार. पण दुकानात चेकिंगसाठी स्वतःची लग्नाची सीडी पिशवीतून घेऊन यायच्या त्या बायकाच, हे दुकानदारांनी सांगितलं.)

आता ‘होम थेटर’. हा शब्द कोल्हापुरात फार सैल वापरला गेला. दोन स्पीकर आणि एक वूफर, तरी होम थेटर. खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॅट छापलेले. हा आकडा मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, त्यामुळं तो कितीही छापता येतो. खरं पाच अधिक एक म्हणजे सहा वेगळे आवाज. ते डीव्हीडीवर असतात, डॉल्बी डिजिटलमध्ये बांधून. व्हीसीडीवर फक्त दोन. म्हणजे भाड्याची व्हीसीडी लावून भिंतीवर पाच स्पीकर टांगले तरी मागच्या दोघांना स्वतःचं असं काही बोलायचं नसतंच. पुढच्यांचंच उसनं घेऊन वाजायचं. लोकांना हे माहीत नव्हतं असं नाही. “मागचं नुसतं घुमतंय, पण घुमूदे की,” असं एकानं मला सांगितलं. आवाज चारी बाजूंनी यावा, खुर्ची हादरावी, एवढीच टॉकीजची आठवण त्याला घरात हवी होती.

डीव्हीडी आल्यावर मात्र एक विलक्षण जोड जमली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात हुशार भाग हाच आहे. डीव्हीडीतले सहा आवाज उलगडायला डिकोडर लागतो. मोठ्या ब्रँडच्या सुरुवातीच्या किमतीच्या अनेक मॉडेलना मागं लाल-पांढऱ्या दोनच आवाजाच्या पिना आणि एक डिजिटल पिन असायची. म्हणजे सहा आवाज हवेत तर डिकोडर असलेला महागडा अँप्लिफायर घ्या. त्यांच्या दुकानात तोही विकायला असायचाच. उलट बऱ्याच स्वस्त प्लेअरना मागं सहा पिना. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी चित्र आणि आवाज दोन्ही उलगडायचं काम एकाच चिपमध्ये घातलं होतं. ते बाहेर काढायला सहा पिनांचाच काय तो खर्च. त्या सहा पिना थेट जोडता येईल असा अँप्लिफायर इथलाच कारागीर बनवून द्यायचा. ४४४० किंवा टीडीए २०३० ची आयसी, ट्रान्सफॉर्मर, लाकडी खोकं. डिकोडर नको, कारण तो प्लेअरमध्येच आहे.

तेव्हा खऱ्या पाच अधिक एक आवाजाची सगळ्यात स्वस्त वाट बिननावाच्या प्लेअरमधूनच जात होती. मासिकांच्या पद्धतीनं प्लेअर एकटा तपासला की हे दिसत नाही. सबंध जोडणी बघितली की दिसतं. इथं बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवल्याची गोष्ट आणून ‘कोल्हापूरचा कारागिरीचा वारसा’ असं एक वाक्य टाकायचा मोह होतो. मी टाकला होता. मार्गदर्शकांनी खोडला, बरं केलं. असे अँप्लिफायर सांगलीत आणि इचलकरंजीतही होत होते.

विजेचं थोडक्यात. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, आणि त्याच्या आगेमागची वर्षं भारनियमनाची. लाइट जायची ते एक, आणि आल्यावर दाब वरखाली व्हायचा ते दुसरं. या प्लेअरमधला वीजपुरवठा एसएमपीएस पद्धतीचा, साधारण शंभर व्होल्टपासून अडीचशेपर्यंत सांभाळून घेणारा. संध्याकाळी दाब पडला की ट्यूब पेटायची नाही, प्लेअर चालायचा. इन्व्हर्टरवरही चालायचा. झटका बसलाच तर एखादा कपॅसिटर फुगायचा, आणि तो बदलायला पेठेतला कुठलाही रेडिओवाला पुरे. लेन्सही ठराविक दोन-तीन जातींच्याच: सोनीची ३१३, हिताचीची १२००, सॅन्योची ६२. नावं कितीही वेगळी असोत, उघडलं की आत यांतलीच एखादी. ब्रँडेड मशीन बिघडलं की कंपनीच्या सेंटरमध्ये टाकायचं आणि वाट बघायची. गणपतीत बिघडलं तर दसऱ्याला मिळायचं, असा आमच्या घरचा अनुभव आहे. कंपनीचं नाव राहू दे.

मी या मशीनची आरती ओवाळतेय असं वाटायला नको. त्यांत खोट भरपूर होती. आवाजात सूं-सूं असायची, विशेषतः त्या सहा पिनांतून. ओठ आणि आवाज यांचा मेळ चुकायचा. रिमोट सहा महिन्यांत खलास. नकली डिस्कांचा अख्खा धंदा याच मशीनच्या जिवावर वाढला. एका डीव्हीडीत पाच सिनेमे कोंबलेल्या ‘फाइव्ह इन वन’ कुठल्या रस्त्यावर मिळायच्या ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. महाराष्ट्रात हा मामला एवढा गंभीर मानला गेला की झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले अशांसाठी केलेल्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्याच्या नावात पुढं ‘व्हिडिओ पायरेट्स’ही जाऊन बसले. मराठी निर्मात्यांचं नुकसान यात खरंच झालं. ‘श्वास’ २००४ मध्ये आला, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन. त्यानंतर मराठी सिनेमा सावरत होता त्याच वर्षांत हे चाललं होतं.

२००७ च्या सुरुवातीला मोझर बेअरनं अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. भाड्यानं आणण्यापेक्षा विकत घेणं परवडू लागलं. सीडी घरातच राहिली, कमी घासली. मग चेकिंगच्या सीडीचं महत्त्वही कमी झालं आणि दुकानात नवा प्रश्न आला: पेन ड्राइव्ह लागतो का? निकष असा बदलला. मशीन तीच, चिपा थोड्या नव्या, पण ‘चांगला प्लेअर’ या शब्दांचा अर्थ तीन-चार वर्षांत दुसराच झाला. २०१८ च्या सप्टेंबरात मोझर बेअर कंपनीच अवसायनात निघाली, तेव्हा कुणी पेन ड्राइव्हचंही विचारत नव्हतं.

हे प्रकरण मी भूतकाळातच लिहिणार होते. पण मे महिन्यात मावशीनं तिच्या लग्नाच्या दोन सीड्या माझ्याकडं दिल्या, “तुझ्या त्या पीएचडीत कुठं उतरवून मिळतात का बघ” म्हणून. २००३ चं लग्न. आजोबा त्यात बोलताना आहेत. त्यांचा आवाज दुसरा कुठंही नाही. कॉम्प्युटरमध्ये घातली तर ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात एव्हीसेक-०१ ही फाइल. कॉपी करायला लावली की चौथ्या-पाचव्या मिनिटाशी अडकते, ड्राइव्ह घरघर करतो आणि चूक दाखवून बंद. कॉम्प्युटरला शेवटचा बाइट बरोबर हवा असतो. नाही मिळाला की तो काहीच देत नाही.

मी त्या सीड्या लक्ष्मीपुरीत नेल्या. मामांनी फळीवरचा एक बिननावाचा प्लेअर काढला, लेन्स कापसानं पुसली, मागची पिवळी-लाल-पांढरी पिन एका छोट्या रेकॉर्डिंगच्या डब्याला जोडली. पाचव्या मिनिटाला चित्र फुटलं, हिरवे चौकोन आले, अक्षता टाकणारी माणसं दोन सेकंद जागच्या जागी थिजली, आणि मशीन पुढं गेलं. पहिली सीडी सबंध उतरली. दुसरीत बत्तिसाव्या मिनिटाच्या आसपास मोठा खड्डा आहे. तिथं तीनदा प्रयत्न करून झाला. मामा म्हणाले, “३१३ ची नवी लेन्स एकच शिल्लक हाय. पावसाळा संपूदे, ती बसवून बघू.”